एचआयव्हीची गोळी पेशीत गेल्यावर काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी, एआरटी केंद्रावर (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) नियमित जाणारी माणसं आणि त्यांचे नातेवाईक यांच्याकडून हे प्रश्न येत राहतात. उत्तरं शक्य तितक्या साध्या भाषेत दिली आहेत. गोळी बदलायची, थांबवायची किंवा नवी सुरू करायची असेल, तर मात्र तुमच्या केंद्रावरच्या डॉक्टरांशीच बोला. त्या कामासाठी हे पान नाही.

गोळी पोटात गेली, औषध रक्तात आलं. मग ते ‘सक्रिय होतं’ म्हणजे काय?

झिडोवूडिन, लॅमिव्हुडिन, अबॅकाविर, टेनोफोविर ही औषधं गोळीत ज्या रूपात असतात, त्या रूपात विषाणूचं काहीही बिघडवू शकत नाहीत. चाचणीनळीत विषाणूचं एन्झाइम घेऊन त्यात नुसतं झिडोवूडिन टाकलं, तर ते एन्झाइम आपलं काम खुशाल चालू ठेवतं. या औषधांना आधी आपल्या पेशीत शिरावं लागतं. तिथे आपलीच एन्झाइम (शाळेच्या पुस्तकातली ‘विकरं’) त्यांना एकामागून एक फॉस्फेट जोडतात. तीन फॉस्फेट जोडले गेले की औषध तयार (टेनोफोविरला दोनच पुरतात, ते पुढे येईल).

पापडासारखं आहे हे. दुकानातून आणलेला पापड कच्चाच असतो, भाजायचा घरी. कंपनी कच्चं औषध देते आणि भाजण्याचं काम पेशी करते. कोणाच्या घरी आच मोठी, कोणाच्या घरी मंद. या औषधांच्या पुष्कळशा गोष्टी, म्हणजे दिवसातून किती वेळा घ्यायचं, कोणतं औषध कोणाबरोबर चालत नाही, कशाने रक्त कमी होतं, त्या आचेवर ठरतात.

मग तीन फॉस्फेट आधीच जोडून गोळी का बनवत नाहीत?

बनवता येतं, पण उपयोग नाही. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो आणि पेशीचं आवरण तेलकट असतं. भार असलेला रेणू त्यातून सहजासहजी आत जात नाही. शिवाय आतड्यात आणि रक्तात फॉस्फेट तोडणारी एन्झाइम टपलेलीच असतात, त्यामुळे तीन फॉस्फेट लावून पाठवलेलं औषध वाटेतच उघडं पडेल.

याच अडचणीचा एक फायदाही आहे. फॉस्फेट एकदा पेशीच्या आत जोडले गेले की औषधाला बाहेरही पडता येत नाही. ते तिथेच अडकतं आणि टिकतं.

फॉस्फेट जोडणारी ही एन्झाइम कोणती? पेशीला त्यांचं काय काम?

त्यांना कायनेज म्हणतात. औषधासाठी ती जन्माला आलेली नाहीत. पेशीला डीएनए बांधायला चार प्रकारच्या विटा लागतात आणि त्या विटा तीन फॉस्फेटवाल्याच हव्या असतात. जुन्या डीएनएच्या तुकड्यांतून किंवा अन्नातून आलेल्या सुट्या विटांना फॉस्फेट लावून पुन्हा वापरात आणणं हे या कायनेजांचं रोजचं काम. औषध दिसायला त्या विटेसारखंच असतं, म्हणून कायनेज फसतात आणि त्यालाही फॉस्फेट लावतात.

मी वर्गात याला तहसील कचेरी म्हणतो. फाईल तीन टेबलांवरून फिरते आणि प्रत्येक टेबलावर एक शिक्का बसतो. पहिलं टेबल औषधाच्या जातीप्रमाणे वेगळं असतं: झिडोवूडिन आणि स्टाव्हुडिनसाठी थायमिडिन कायनेज १, लॅमिव्हुडिन आणि एमट्रिसिटाबिनसाठी डीऑक्सिसायटिडिन कायनेज. दुसरं टेबलही बहुधा वेगळं. तिसऱ्या टेबलावर बरेच जण एकाच साहेबाकडे जातात असं पुस्तकात छापलेलं असतं. तो साहेब म्हणजे न्यूक्लिओसाइड डायफॉस्फेट कायनेज. प्रत्यक्षात त्याला ही औषधं फारशी रुचत नाहीत. औषधात जो एक हुक मुद्दाम काढलेला असतो (त्याबद्दल पुढे येईल), तोच या एन्झाइमला शिक्का मारताना आधाराला लागतो. म्हणून तिसरा शिक्का अनेकदा क्रिएटिन कायनेज, पायरुवेट कायनेज किंवा फॉस्फोग्लिसरेट कायनेज अशा भलत्याच खात्यातल्या कारकुनांकडून मिळतो.

एचआयव्हीकडे स्वतःचं कायनेज नाही का?

नाही, आणि सगळ्या गोष्टीचं मूळ हेच आहे.

हर्पिसशी तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. हर्पिस सिम्प्लेक्स हा मोठा विषाणू आहे. त्याच्याकडे सत्तरहून अधिक जनुकं आहेत आणि त्यात स्वतःचं थायमिडिन कायनेजही आहे. ॲसायक्लोव्हिर या औषधाला पहिला फॉस्फेट हे विषाणूचं कायनेजच लावतं. आपलं निरोगी पेशीतलं कायनेज त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे ज्या पेशीत हर्पिस आहे, जवळजवळ त्याच पेशीत औषध तयार होतं. चोराने स्वतःच पोलिसाला कुलूप उघडून द्यावं तसं. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं.

एचआयव्ही मात्र फाटका विषाणू. त्याची जनुकं अवघी ९. कायनेज वगैरे सामान तो बाळगत नाही, सगळं यजमानाच्या घरातलं वापरतो. त्यामुळे एचआयव्हीवरची ही औषधं बाधित आणि निरोगी अशा दोन्ही पेशींत सारखीच तयार होतात. याला बाजू दोन. नव्या पेशीत विषाणू शिरण्याआधीच औषध तिथे वाट बघत असतं, म्हणून बाधा होण्यापूर्वी घ्यायची प्रतिबंधक गोळी काम करते. आणि निरोगी पेशीतही तयार औषध असतं, म्हणून दुष्परिणाम होतात.

तयार झालेलं औषध विषाणूला नेमकं अडवतं कसं?

एचआयव्हीचं जनुकीय द्रव्य आरएनए असतं. पेशीत शिरल्यावर तो रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे आपलं एन्झाइम वापरून त्याचा डीएनए बनवतो. हा डीएनए एकेक वीट जोडत वाढतो, रेल्वेला मागून एकेक डबा जोडत जावा तसा. प्रत्येक डब्याला मागे हुक हवा. रसायनाच्या भाषेत तो हुक म्हणजे साखरेच्या तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट.

औषधाच्या डब्याला हा हुक नसतो. विषाणूचं एन्झाइम तो डबा आपला समजून जोडतं आणि गाडी तिथेच संपते. झिडोवूडिनमध्ये हुकाच्या जागी नायट्रोजनच्या तीन अणूंचा ॲझाइडो गट आहे.

आपल्या पेशीच्या केंद्रकातली डीएनए बांधणारी एन्झाइम अधिक चोखंदळ असतात. झिडोवूडिन ट्रायफॉस्फेटने (तीन फॉस्फेट लागलेल्या तयार रूपाने) विषाणूचं एन्झाइम रोखायला जितकी मात्रा लागते, त्याच्या सुमारे १०० पट मात्रा आपल्या डीएनए पॉलिमरेज अल्फाला रोखायला लागते, असं १९८६ मध्येच दिसलं होतं. उपचाराला जागा मिळते ती या फरकातून.

झिडोवूडिनबद्दल इतकं का बोललं जातं? आता तर ते फारसं देत नाहीत.

कारण दुसऱ्या टेबलावर फाईल अडकणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं चांगलं कोणी दाखवलं नाही.

हा रेणू १९६४ मध्ये अमेरिकेत, डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये जेरोम हॉर्विट्झ यांनी बनवला, कर्करोगासाठी. ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर चालला नाही म्हणून बाजूला पडला. १९७४ मध्ये जर्मनीत वोल्फ्राम ओस्टरटाग यांना तो उंदरांच्या एका रेट्रोव्हायरसवर (एचआयव्हीच्याच कुळातल्या विषाणूवर) चालतो असं दिसलं, पण तेव्हा माणसाला रेट्रोव्हायरसमुळे असा काही आजार होतो हेच माहीत नव्हतं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत हिरोआकी मित्सुया आणि सॅम्युएल ब्रोडर यांनी, बरोज वेलकम कंपनीने पाठवलेला हा रेणू एचआयव्हीवर तपासला. १९ मार्च १९८७ ला त्याला मान्यता मिळाली. एचआयव्हीवरचं ते पहिलं औषध.

पुढच्याच वर्षी नव्हे, मान्यतेच्या आधीच, म्हणजे १९८६ मध्ये, फिलिप फर्मन आणि सहकाऱ्यांनी पेशीत या औषधाचं काय होतं ते मोजलं होतं. पहिलं टेबल, थायमिडिन कायनेज, झकास चालतं. खऱ्या थायमिडिनच्या तुलनेत साधारण ६० टक्के वेगाने ते झिडोवूडिनला शिक्का मारतं. दुसऱ्या टेबलावर थायमिडिलेट कायनेज बसतं आणि तिथला वेग खऱ्या विटेच्या तुलनेत ०.३ टक्के. आकडा वाचायला चुकलात असं वाटेल, म्हणून पुन्हा: शंभराला अर्धासुद्धा नाही.

कारण पुढे या एन्झाइमच्या स्फटिकांवरून कळलं. फॉस्फेट जोडताना हे एन्झाइम डब्याच्या झाकणासारखं मिटतं. झिडोवूडिनचा तो लांबुळका ॲझाइडो गट आतल्या एका भागाला ढुसणी देतो आणि झाकण नीट बसत नाही.

परिणाम असा की एका शिक्क्याचं झिडोवूडिन पेशीत ढिगाने साचतं आणि तीन शिक्क्यांचं, म्हणजे कामाचं, थोडंसंच बनतं. डोस वाढवला तरी साचलेल्या फायलींचा ढीग वाढतो, मंजूर फायली त्या मानाने वाढत नाहीत. सुरुवातीच्या काळात हे औषध दर ४ तासांनी द्यायचे. लोक रात्री गजर लावून उठायचे, गोळ्यांच्या डब्यालाच गजर असायचा. रक्तातलं झिडोवूडिन तासाभरात निम्मं होतं, हे त्यामागचं गणित. पण काम करतो तो पेशीतला ट्रायफॉस्फेट आणि तो त्याहून जास्त वेळ टिकतो. हे लक्षात आल्यावर डोस कमी झाला आणि दिवसातून दोनदा ३०० मिलिग्रॅमवर आला. पहिल्या काही वर्षांतल्या रुग्णांनी जी झोप गमावली, ती रक्तातला आकडा बघून पेशीतला न बघितल्याची किंमत होती, असं माझं मत आहे.

झिडोवूडिनने रक्त कमी होतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. अस्थिमज्जेत रक्तपेशी सतत विभागत असतात आणि विभागणाऱ्या पेशीत थायमिडिन कायनेज १ जोरात असतं, त्यामुळे पहिला शिक्का तिथे भराभर बसतो. साचलेलं एका शिक्क्याचं झिडोवूडिन दुसऱ्या टेबलावरच्या खऱ्या विटेच्या कामातही आडवं येतं. रक्तक्षय होण्यामागचं हे एक कारण मानलं जातं. म्हणूनच या औषधावर असलेल्यांचं हिमोग्लोबिन वेळोवेळी तपासतात.

झिडोवूडिन आणि स्टाव्हुडिन एकत्र का देत नाहीत?

दोघांचं पहिलं टेबल एकच, थायमिडिन कायनेज १. झिडोवूडिन त्या कारकुनाचा लाडका आणि स्टाव्हुडिनची फाईल मुळातच तिथे हळू हलते. दोघं एकदम आले की झिडोवूडिन खिडकी अडवून बसतं आणि स्टाव्हुडिनला शिक्काच मिळत नाही. हे नळीतच दिसलं असं नाही, रुग्णांवरच्या चाचणीतही ही जोडी एकमेकांच्या पायात पाय घालते असं दिसलं.

लॅमिव्हुडिन आणि एमट्रिसिटाबिन यांचंही तसंच. दोघं डीऑक्सिसायटिडिन कायनेजकडे जातात आणि पुढे दोघांचं कामही एकच, म्हणून एकत्र देण्यात काही हशील नाही. लॅमिव्हुडिनच्या बाबतीत गंमत अशी की तो रेणू निसर्गातल्या विटेची आरशातली प्रतिमा आहे. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात घालावा तसा. बहुतेक एन्झाइम अशा उलट्या रेणूला हात लावत नाहीत, पण डीऑक्सिसायटिडिन कायनेजला डावं-उजवं कळत नाही. आपली केंद्रकातली पॉलिमरेज मात्र त्याला फारशी भीक घालत नाहीत. लॅमिव्हुडिन इतकं सोसवणारं औषध असण्यामागे हे आहे.

स्टाव्हुडिनने गाल बसायचे, हात-पाय जळजळायचे. तेही एन्झाइममुळेच?

पेशीत केंद्रकाखेरीज मायटोकॉन्ड्रियामध्येही थोडा डीएनए असतो, ३७ जनुकांचा. त्याची नक्कल करणारं पॉलिमरेज गॅमा हे एन्झाइम भोळं आहे. स्टाव्हुडिन, डिडानोसिन यांचे तयार ट्रायफॉस्फेट ते डीएनएत जोडून टाकतं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीची चूल, ती विझत गेली की त्वचेखालची चरबी झडणं, नसांची जळजळ, रक्तात लॅक्टिक आम्ल साचणं अशा गोष्टी होतात. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि अबॅकाविर यांना पॉलिमरेज गॅमा फारसं फसत नाही.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ जुन्या रुग्णांनी स्टाव्हुडिन घेतलेलं आहे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरच्या आत, देऊ केला. त्या तिघांत स्टाव्हुडिन होतं. १ एप्रिल २००४ ला सरकारी मोफत उपचार सुरू झाला, तेव्हाही ते पहिल्या फळीत होतं. त्या औषधाने हजारो माणसं जगली आणि त्याच औषधाने त्यातल्या अनेकांचे चेहरे असे केले की गल्लीत ओळखू यावं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करायला सांगितलं. नावं ठेवताना पहिला भाग विसरू नये.

टेनोफोविरला ‘न्यूक्लिओटाइड’ का म्हणतात? बाकीचे तर न्यूक्लिओसाइड.

फॉस्फेट नसलेली सुटी वीट म्हणजे न्यूक्लिओसाइड, फॉस्फेट लागलेली म्हणजे न्यूक्लिओटाइड. टेनोफोविर पहिला शिक्का घरूनच मारून येतं.

प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ अँटोनिन होली आणि बेल्जियममधल्या ल्यूव्हेनचे एरिक डी क्लर्क यांची ही कल्पना. फॉस्फेट साध्या ऑक्सिजनच्या पुलाने जोडला तर एन्झाइम तो तोडतात. म्हणून त्यांनी कार्बनचा पूल वापरला, त्याला फॉस्फोनेट म्हणतात. तो तुटत नाही. पहिलं टेबल, जिथे अनेक औषधं अडतात, तेच टळलं. राहिले दोन शिक्के: पहिला ॲडेनिलेट कायनेज देतं, दुसरा पायरुवेट कायनेज किंवा क्रिएटिन कायनेज. म्हणूनच टेनोफोविरच्या सक्रिय रूपाला ट्रायफॉस्फेट म्हणत नाहीत, डायफॉस्फेट म्हणतात. परीक्षेत हा गोंधळ हमखास होतो.

पण शिक्का घेऊन येणाऱ्याला दारातून आत कसं घ्यायचं? भार आला की तेलकट आवरण आडवं येतंच. म्हणून त्या फॉस्फोनेटवर झाकण चढवतात.

टीडीएफ आणि टीएएफ यांत फरक काय? एक ३०० मिलिग्रॅम आणि दुसरं फक्त २५?

आत दोन्हीकडे टेनोफोविरच आहे. फरक आहे तो झाकणाचा, आणि ते झाकण कोणतं एन्झाइम कुठे उघडतं याचा.

टीडीएफ, म्हणजे टेनोफोविर डिसोप्रॉक्सिल फ्युमारेट, अमेरिकेत २००१ पासून वापरात आहे. त्याचं झाकण एस्टरेज नावाची एन्झाइम आतड्यात आणि रक्तात लवकर काढून टाकतात. मग उघडं टेनोफोविर रक्तात फिरतं, थोडं पेशींत शिरतं आणि बरंचसं मूत्रपिंडातून बाहेर जातं. मूत्रपिंडाच्या नलिकेतल्या पेशी ते रक्तातून ओढून घेतात, म्हणून काहींच्या मूत्रपिंडाला त्रास होतो आणि क्रिएटिनिन तपासायला सांगतात.

टीएएफ, म्हणजे टेनोफोविर अलाफेनामाइड, २०१५ मध्ये आलं. त्याचं झाकण रक्तात बऱ्यापैकी टिकतं. पेशीत गेल्यावर कॅथेप्सिन ए हे एन्झाइम ते कापतं आणि कॅथेप्सिन ए लिम्फ पेशींत, म्हणजे एचआयव्ही जिथे घर करतो तिथेच, भरपूर असतं. यकृताच्या पेशीत हेच काम मुख्यतः कार्बॉक्सिलेस्टरेज १ करतं. माल थेट गिऱ्हाइकाच्या दारात उतरतो, त्यामुळे थोडा पुरतो. रक्तातलं उघडं टेनोफोविर टीडीएफच्या तुलनेत सुमारे ९० टक्के कमी राहतं आणि लिम्फ पेशीतलं सक्रिय रूप कित्येक पट जास्त. मूत्रपिंड आणि हाडं यांना त्याचा ताण कमी पडतो.

टीएएफ ‘नवीन म्हणून चांगलं’ असं मात्र सरसकट धरू नका. मूत्रपिंड धडधाकट असलेल्या माणसाला टीडीएफ उत्तम चालतं. शिवाय टीएएफवर वजन आणि कोलेस्टेरॉल थोडं अधिक दिसतं.

रक्तातून औषध काही तासांत कमी होतं, मग दिवसातून एकच गोळी कशी पुरते?

घड्याळ रक्तातलं बघायचं नाही, पेशीतलं बघायचं. लॅमिव्हुडिन रक्तात ५ ते ७ तासांत निम्मं होतं, पण पेशीतला त्याचा ट्रायफॉस्फेट साधारण १५ तास किंवा अधिक घेतो. एमट्रिसिटाबिनचा ट्रायफॉस्फेट सुमारे ३९ तास. टेनोफोविरचं सक्रिय रूप लिम्फ पेशीत त्याहूनही खूप जास्त, काही दिवस टिकतं.

म्हणजे एखाद्या दिवशी राहिली तर चालेल?

चुकून एखादी राहिली तर घाबरू नका. ठरवून मात्र सोडू नका. टीएलडी गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं आहेत आणि तिघांची घड्याळं वेगवेगळी. सलग काही दिवस गोळी नाही घेतली तर डोल्युटेग्राविर आणि लॅमिव्हुडिन आधी ओसरतात आणि टेनोफोविर एकटं मागे राहतं. एकट्या औषधासमोर विषाणूला पळवाट शोधायला वेळ मिळतो.

पेशीत दीर्घकाळ टिकणं नेहमीच वरदान असतं असंही नाही. इस्लाट्रॅविर या नव्या औषधाचा ट्रायफॉस्फेट कित्येक दिवस टिकतो, म्हणून आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा गोळी अशी आशा होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या, कारण सहभागींच्या लिम्फ पेशी कमी होऊ लागल्या होत्या.

अबॅकाविर आणि डिडानोसिन?

दोघांचा मार्ग वळणावळणाचा. अबॅकाविरला पहिला फॉस्फेट मिळाल्यावर एक वेगळं एन्झाइम त्याची ओळखच बदलतं: ते ॲडेनिनसारखं दिसायचं थांबतं आणि ग्वानिनसारखं होतं. मग ग्वानिलेट कायनेज पुढचा शिक्का मारतं. (अबॅकाविरची ती भयंकर ॲलर्जी मात्र कायनेजमुळे नाही, ती एचएलए-बी ५७:०१ या जनुकप्रकाराशी जोडलेली आहे.)

डिडानोसिन आता वापरातून गेल्यात जमा आहे. त्याला पहिला फॉस्फेट चक्क न्यूक्लिओटिडेज, म्हणजे एरवी फॉस्फेट तोडणारं एन्झाइम, उलटं चालून देतं. हिपॅटायटिस सीसाठीचं रिबाविरिन बरोबर घेतलं की ही गती वाढायची आणि विषबाधा व्हायची.

एचआयव्हीच्या सगळ्याच गोळ्यांना अशी तयारी लागते का?

नाही. एफाविरेन्झ, नेव्हिरापिन, डोल्युटेग्राविर ही जशी आहेत तशीच काम करतात. फोस्टेमसाविरला एक फॉस्फेटचा तुकडा चिकटवलेला असतो, पण तो नीट विरघळावं म्हणून. आतड्यातलं अल्कलाइन फॉस्फेटेज तो काढून टाकतं. इथे एन्झाइम शिक्का मारत नाही, खरवडतं.

क्षयरोगाच्या गोळ्या सुरू झाल्या की एचआयव्हीच्या गोळ्या बदलतात. ती हीच एन्झाइम का?

ती वेगळी. रिफॅम्पिसिन यकृतातली, औषध मोडून टाकणारी एन्झाइम वाढवतं. डोल्युटेग्राविर त्यामुळे लवकर संपतं, म्हणून ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदाऐवजी दोनदा देतात. पेशीतले कायनेज रिफॅम्पिसिनला जुमानत नाहीत. रिफॅम्पिसिनबरोबर टीएएफ रक्तात कमी होतं खरं, तरी अभ्यासात पेशीतलं सक्रिय टेनोफोविर टीडीएफने मिळतं त्यापेक्षा वरच राहिलेलं दिसलं आहे.

‘एन्झाइम’ हा शब्द दोन्हीकडे असल्याने घोटाळा होतो. यकृतातली मोडणारी, पेशीतली घडवणारी, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

सगळ्यांच्या पेशींत ही तयारी सारखीच होते का?

नाही. एकाच माणसाच्या दोन पेशींतही सारखी होत नाही. थायमिडिन कायनेज १ पेशी विभागत असतानाच भरपूर असतं, म्हणून विश्रांती घेणाऱ्या पेशीत झिडोवूडिन मंद पडतं. टेनोफोविरला ते टेबलच लागत नाही, त्यामुळे ते विश्रांतीतल्या पेशीतही चालतं.

मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींत एक मजेशीर मदतनीस आहे, एसएएमएचडी१ नावाचं एन्झाइम. २०११ मध्ये तो एचआयव्हीला रोखतो असं उघड झालं. पेशीतल्या खऱ्या विटा तो मोडून टाकतो. हुक नसलेल्या औषधांना मात्र तो सहसा हात लावत नाही, कारण त्यालाही तोच हुक लागतो. खऱ्या विटा कमी, खोट्या तेवढ्याच, म्हणजे औषधाला स्पर्धा कमी.

अवयवांतही फरक असतो. टेनोफोविरचा शेवटचा शिक्का रक्तपेशींत पायरुवेट कायनेज मारतं, तर मोठ्या आतड्याच्या अस्तरात क्रिएटिन कायनेज. प्रतिबंधक गोळीचा विचार करताना ही माहिती कामाची आहे.

एन्झाइम वाढवायला काही खावं का? जिममध्ये क्रिएटिन घेतो, त्याने टेनोफोविर जास्त चालेल?

नाही चालणार. कायनेज पेशीत भरपूर आहेत, हळदीच्या दुधाने किंवा पावडरीने त्यांचं काम वाढवता येत नाही. उलट क्रिएटिनची पावडर रक्तातलं क्रिएटिनिन वाढवू शकते. त्यात डोल्युटेग्राविर मूत्रपिंडाला इजा न करताही तो आकडा थोडा वर नेतं. मग डॉक्टर मूत्रपिंड बिघडलं म्हणून काळजीत पडतात आणि टेनोफोविर विनाकारण बंद होऊ शकतं. पावडर घेत असाल तर केंद्रावर सांगा.

औषध लागू पडेनासं झालं, म्हणजे आपली एन्झाइम थकली का?

बहुतेक वेळा दोष विषाणूच्या एन्झाइममधल्या बदलाचा असतो. लॅमिव्हुडिनच्या बाबतीत १८४व्या जागेवरचं अमिनो आम्ल बदलतं आणि विषाणू आरशातला डबा ओळखायला लागतो. टेनोफोविरसाठी ६५वी जागा. झिडोवूडिनच्या बाबतीत विषाणू आणखी हुशारी करतो: जोडलेला डबा पेशीतलंच एटीपी (ऊर्जा वाहणारा रेणू) वापरून पुन्हा सोडवतो आणि गाडी पुढे नेतो. तयार करायलाही आपला माल, काढायलाही आपलाच.

हीच गोळी कावीळ बीवरही चालते, ते कसं?

हिपॅटायटिस बीचा विषाणूही आपला डीएनए बनवताना उलटी नक्कल करतो आणि यकृताच्या पेशीतले कायनेज टेनोफोविर, लॅमिव्हुडिन यांना तिथेही शिक्के मारतात. शिक्का मारणारा कारकून आपला असल्याचा हा फायदा. दोन्ही आजार असतील तर या गोळ्या अचानक बंद केल्याने यकृत भडकू शकतं, हे विसरू नका.

गोळ्या नियमित घेतल्या का, हे रक्ताच्या थेंबावरून कळतं म्हणतात. खरं?

टेनोफोविरबाबत खरं आहे. लाल रक्तपेशींतही त्याचे शिक्के बसतात आणि तिथे सक्रिय रूप निम्मं व्हायला साधारण १७ दिवस लागतात. कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यात ते मोजता येतं. तपासणीच्या आदल्या रात्री घाईने घेतलेल्या एका गोळीने हा आकडा फारसा हलत नाही, कारण त्यात मागच्या कित्येक आठवड्यांची बेरीज असते. प्रतिबंधक गोळीच्या अभ्यासांत हीच पद्धत वापरली गेली. तुमच्या एआरटी केंद्रावर मात्र नेहमीची तपासणी विषाणूंची संख्या मोजण्याचीच असते. शंका असेल तर १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.